खाडा आणि सुट्टी



आमच्या गटात मागच्या महिन्यात आम्ही एकमेकींना एक साधा प्रश्न विचारला. रेडिओवरचं भाषण ऐकताना तुमचे हात काय करत असतात? कुणी लसूण सोलते, कुणी भाकरी थापते, कुणी शेंगा फोडते, कुणी गोधडीला टाके घालते. दोघी-तिघी म्हणाल्या, आम्ही गोठ्यात रेडिओ लावतो. नुसतं बसून ऐकते, असं अठरा जणींत एकीनंही सांगितलं नाही. आणि गंमत म्हणजे, कुणाला त्यात काही वेगळं वाटलंही नाही.

तेव्हा आज बोलायचं आहे ते विसाव्याबद्दल. पण त्याआधी आमच्याच गटातली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला जरा लाज वाटते.

आमच्या बैठकीला जी येत नाही तिला दहा रुपये दंड. नियम आम्हीच केलेला. गट नवा होता, बायका यायच्या नाहीत, तेव्हा तो लागतही होता. हजेरीच्या वहीत जी आली नाही तिच्या नावापुढे आम्ही लाल शाईनं लिहितो, ‘खाडा’. यंदाच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एक मावशी अंगात सणसणीत ताप असताना बैठकीला आल्या. डोक्यावर पदर घट्ट ओढून भिंतीला टेकून बसल्या. आम्ही म्हटलं, “मावशी, कशाला आलात अशा तापात?” त्या म्हणाल्या, “खाडा पडला असता की गं. इतक्या वर्षांत एक खाडा नाही माझा.”

दहा रुपयांचं त्यांना काही नव्हतं. वहीत लाल शाई नको होती. आम्ही सगळ्या गप्प झालो. बचत करायला, आधार द्यायला म्हणून आम्ही गट काढला, आणि तापलेल्या बाईला अंथरुणातून उठवून आणणारी वही आम्हीच तयार केली होती.

हा खाडा शब्द आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर फार चांगला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. बाई आजारी पडली, पाळी आली, पोटात दुखलं, आणि एक दिवस फडात गेली नाही, तर तो खाडा, आणि मुकादम त्याचे पैसे कापणार. दिवसभर राबून जे मिळतं त्याहून खाड्याचे पैसे जास्त, असंही होतं. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीसाठी ऊसतोडीच्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. यामागं कारणं बरीच होती. बालपणातली लग्नं, अंगावर काढलेली दुखणी, ‘पिशवी काढून टाका’ म्हणणारे खासगी डॉक्टर. पण अनेकींनी कारण सांगितलं ते हेच, की दर महिन्याचा खाडा परवडत नाही. एक दिवस पडून राहता येत नाही म्हणून शरीरातला एक अवयवच काढून टाकायचा.

म्हणून आम्हाला वाटलं, की विश्रांती ही काही फुरसतीतली, शहरातल्या बायकांची गोष्ट नाही. आपल्या इतिहासात ती कुणी मागितली, कशी मागितली, हे बघावं. वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि आमच्यात बी.ए.ला इतिहास घेतलेली एक आहे तिला कामाला लावलं. (विश्रांतीवर बोलायचं म्हणून तिला रात्री जागावं लागलं, हेही इथं कबूल करतो.)

तर गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची आहे.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी उभी राहिली आणि १८५६ साली गिरणीचा भोंगा वाजला. मग एकामागून एक गिरण्या झाल्या. कोकणातून, घाटावरून, आपल्या साताऱ्याकडून माणसं तिकडे गेली. आपल्यापैकी कित्येकींच्या घरात आजही ‘आमचे आजोबा गिरणीत होते’ असं सांगतात. आज्या होत्या हे कमी सांगतात. पण बायका होत्या. कामगारांत पाच जणांमागं एखादी तरी बाई असायची. त्या असायच्या सूत गुंडाळायच्या खात्यांत. जेवढं सूत गुंडाळाल तेवढे पैसे.

विजेचे दिवे यायच्या आधी गिरणी सूर्यावर चालायची. दिसायला लागलं की सुरू, दिसेनासं झालं की बंद. थंडीत दिवस लहान, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. मधली सुट्टी थोडकी. आठवड्याची सुट्टी अशी काही नव्हतीच. सणावाराला गिरणी बंद राहायची तेवढीच. तान्ही पोरं असलेल्या बायका बाळाला अफूची बारीक गोळी द्यायच्या. बाळगोळी म्हणायचे तिला. बाळ झोपायचं, आई कामावर उभी राहायची. म्हणजे घरात दिवसा झोप मिळायची ती एकट्या बाळाला, आणि तीही अफूची.

१८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्यात सात वर्षांखालच्या पोरांना कामाला लावायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या पोरांकडून नऊ तासांच्या वर काम घ्यायचं नाही आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या, असं ठरलं. नीट ऐका, सात वर्षांची पोरं. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल, सुट्टीबद्दल त्या कायद्यात काहीच नव्हतं, ना पुरुषासाठी ना बाईसाठी.

इथं नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव येतं. सावित्रीबाईंची जयंती आपण दर ३ जानेवारीला करतो, जोतीरावांचं नाव घेतो. लोखंडे त्यांच्याच सत्यशोधक समाजातले. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचंच. आधी रेल्वेत, पोस्टात नोकरी, मग गिरणीत स्टोअरकीपर. सत्यशोधकांचं ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केलं होतं. ते लोखंड्यांनी १८८० पासून मुंबईहून चालवलं आणि त्यात गिरणीतल्या माणसांची गाऱ्हाणी छापायला लागले.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या मोठ्या सभा झाल्या. तिथं मागण्या लिहून काढल्या आणि त्यांवर पाच हजारांच्या वर सह्या झाल्या. या मागण्या आम्ही गटात मोठ्यानं वाचल्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास मोकळा. काम सकाळी साडेसहापासून, आणि दिवस मावळला की बंद. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत काही तरी मिळावं. वाचून झाल्यावर आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “एवढंच?” खरंच, किती कमी मागणं होतं ते! अर्धा तास, एक दिवस. आणि त्यातही पहिली मागणी कोणती होती ते पाहा. पगारवाढ नव्हती. सुट्टी होती.

मागणी काही लगेच मान्य झाली नाही. सहा वर्षं गेली. मग २४ एप्रिल १८९० या दिवशी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सभा भरली. जिथं घोडे पळतात तिथं दहा हजार कामगार जमले. आणि त्या सभेत दोन बायका उभ्या राहून बोलल्या.

आम्ही इथं फार वेळ थांबलो, तुम्हीही थांबा. १८९० सालचा विचार करा. मुलींच्या शाळा आजच्या मानानं फार थोड्या. सभेत बाईनं बोलायचं म्हणजे काय! माईक नाही. समोर दहा हजार माणसं, बहुतेक पुरुष. आज ग्रामसभेत प्रश्न विचारायला उभं राहायचं तर आपल्यातल्या कितीतरी जणींचे पाय लटपटतात. त्या दोघी गिरणीत राबणाऱ्या. आणि त्या मागत काय होत्या? धान्य नाही, पैसा नाही. सात दिवसांतला एक दिवस अंग टाकायला मागत होत्या. आणि त्या दिवसाचे पैसे मिळणार नव्हते हे त्यांना ठाऊक होतं. जेवढं काम तेवढा दाम असलेल्या बाईनं ‘एक दिवस कमी पैसे चालतील, पण गिरणी बंद ठेवा’ म्हणणं, हे पोटाला चिमटा घेऊन म्हटलेलं आहे.

आता त्यांनी ती सुट्टी कशी मागितली ते पाहा. एखादी बाई एकटी घरी राहिली असती तर काय झालं असतं? खाडा. पैसे गेले असते, कदाचित काम गेलं असतं, जागेवर दुसरी उभी राहिली असती. त्यांनी मागितलं ते असं, की त्या दिवशी गिरणीच बंद पाहिजे. कुणीच नाही आलं तर कुणाचाच खाडा नाही. तीच विश्रांती एकटीनं घेतली तर अपराध आणि सगळ्यांनी मिळून घेतली तर सुट्टी. दहा हजार माणसं मैदानात जमवावी लागली ती यासाठी.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली.

ही सगळी लोखंड्यांची आणि कामगारांची पुण्याई, असं सांगितलं तर गोष्ट सोपी होते, पण पुरी होत नाही. विलायतेत मँचेस्टरकडच्या गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्या डोळ्यांत खुपत होत्या. इथं माणसं जास्त तास राबतात म्हणून कापड स्वस्त पडतं, तेव्हा यांचे तास कमी करा, असा त्यांचा सरकारमागं लकडा होता. त्यांचा काही कामगारांवर जीव नव्हता. म्हणून आपल्याकडचे बरेच पुढारी आणि मोठी वर्तमानपत्रं कारखाना कायद्याच्या विरोधात होती. आपल्या धंद्यावर घाला आहे, म्हणायचे. कायदा आज ना उद्या येणार हेही मालकांना दिसत होतं. आम्हाला यात एवढंच कळलं, की बाईच्या थकव्याबद्दल देशाभिमानी माणसंही गप्प बसू शकतात आणि परका माणूसही आपल्या मतलबासाठी कनवाळू होऊ शकतो. लोखंडे मात्र या दोन्ही बाजूंच्या मधे उभे राहून कामगारांचं म्हणणं मांडत राहिले.

रविवारच का, असंही आमच्यात कुणीतरी विचारलं. साहेबांची प्रार्थनेची सुट्टी म्हणून का? सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असायच्या, हे खरं. पण रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार. लोखंड्यांनी तेही पुढं केलं असं सांगतात. जेजुरीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी, १८९१ साली कायदा सुधारला. त्यात पहिल्यांदा बाईचा उल्लेख आला. बाईकडून दिवसाला अकरा तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, त्यात दीड तास विसावा, रात्री काम नाही. आणि आठवड्याची सुट्टी सगळ्यांना. पुढं १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले होते. १९४८ चा कारखाना कायदा आला तोवर आठवड्याला ४८ तास ही हद्द झाली होती. चौदा तासांपासून आठ तासांपर्यंत यायला साठ वर्षांच्या वर लागली.

लोखंडे ते पाहायला नव्हते. १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत काम करताना ते गेले. सावित्रीबाई त्याच साथीत, पुढच्याच महिन्यात गेल्या.

आणि त्या दोघी बायका? त्यांचा पहिला मोकळा रविवार कसा गेला असेल? आम्ही यावर बराच वेळ बोललो. एकजण म्हणाली, झोपल्या असतील. बाकीच्या हसल्या. आठ दिवसांचं धुणं, पोरांच्या डोक्याला तेल, जात्यावर दळण, आणि नवऱ्याला सुट्टी म्हणून त्याला काहीतरी चांगलंचुंगलं. रविवारची सुट्टी गिरणीनं दिली, पण चुलीनं दिली नाही. तो कायदा उंबऱ्याच्या आत आलाच नाही, आणि आपल्या शेतातही आला नाही. भांगलणीला, खुरपणीला, ऊसतोडीला रविवार कुठं असतो?

सरकारनं २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात त्याची देशभर पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, असं दिसलं. म्हणजे पाच तास. जे पुरुष घरातलं काम करतात त्यांची ९७ मिनिटं. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली. बायकांची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. आपली दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांचीही नऊ झाली. आमच्यातली एक म्हणाली, त्या दहा मिनिटांत फार तर चहा गार न होता पिता येईल.

पूर्वी काहीच विसावा नव्हता असंही नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, नांगर धरायचा नाही. काही गावांत सोमवारी औत जुंपत नाहीत. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून मळतात, दुसऱ्या दिवशी त्याला जुंपत नाहीत, पुरणपोळी खाऊ घालतात. पुरणपोळी करते कोण, हे आम्ही विचारलं तेव्हा सगळ्यांत जोरात आजी हसल्या. त्यांनी मग दबक्या आवाजात आणखी एक सांगितलं. पाळीत बाजूला बसवायचे, ते वाईटच होतं, तांब्या वेगळा, गोणपाटावर झोप. “पण खरं सांगू का, तेवढे तीन दिवस पाठ टेकायची.” असं मिळालेला विसावा आम्हाला नको. पण त्या बोलण्यातून कळतं, की बाईला विसावा हवाच होता, आणि विटाळाच्या नावाखाली का होईना, तो घ्यावा लागत होता. विटाळ बऱ्याच घरांतून गेला, ते फार चांगलं झालं. त्याबरोबर ते तीन दिवसही गेले. त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही.

आणखी एक. तालुक्याच्या गावात पोरांच्या खाणावळी असतात ना, त्या बहुतेक रविवारी रात्री बंद असतात. पोरं कुरकुरतात, वडापाव खातात, पण ‘बाई आळशी आहे’ असं कुणी म्हणत नाही. जिथं जेवणाचे पैसे मोजतात तिथं चुलीला सुट्टी आहे. जिथं फुकट मिळतं तिथं नाही.

दोष आमच्याकडंही येतो, ते टाळून चालणार नाही. गटाच्या अहवालात आम्हीच लिहीत आलो, ‘ताई एक मिनिटही रिकाम्या बसत नाहीत.’ कौतुक म्हणून लिहीत होतो. शिवण झालं की पापड, पापड झाले की शेळ्या, आणि दुपारचा जो एक तास बायकांना मोकळा मिळायचा त्यातच बैठक. कर्जाचा हप्ता आहे, काम केलंच पाहिजे, हे आम्हाला माहीत आहे. गरिबाला काम सोडून चालत नाही. गिरणीतल्या त्या दोघींनाही चालत नव्हतं. तरी त्यांनी एक दिवस मागितला.

तर गटात आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, वहीतून ‘खाडा’ शब्द काढला. आजारी, बाळंतीण, घरात दुखणं असेल तर नुसतं ‘रजा’ लिहायचं आणि दंड नाही. दुसरी, सोमवारी दुपारी दोन ते पाच गट बंद. बैठक नाही, हप्त्याचा फोन नाही, शिवण नाही, पापड नाही. सोमवार यासाठी की आमच्या गावात पूर्वी त्या दिवशी बैलांना सुट्टी असायची. बैल आता राहिले नाहीत, ट्रॅक्टर आले, दिवस मोकळाच पडला होता. आणि सगळ्यांनी एकाच वेळी बंद ठेवायचं, म्हणजे कुणा एकीच्या सासूला ‘तुझीच काय थेरं’ म्हणता येणार नाही.

पहिल्या सोमवारी फज्जा उडाला. देवळाच्या पारावर अकरा जणी आल्या, त्यांतल्या सात जणी परातीत मटकी नाहीतर तांदूळ घेऊन. नुसतं बसवेना. हातांचं काय करायचं कळेना. दोघी अर्ध्या तासात उठून गेल्या, जनावरं आठवली म्हणाल्या. घरी बोलणीही बसली. एका ताईंच्या दारावरून जाताना दीर म्हणाले, “काय, आज संप वाटतं?” त्या म्हणाल्या, “नाही, रविवार. सोमवारी असतो आमचा.”

दुसऱ्या सोमवारी पराती तीन होत्या. तिसऱ्या सोमवारी पाऊस आला, सगळ्या समाजमंदिरात गेलो. पावसाचा आवाज येत होता. त्या ताप आलेल्या मावशी कोपऱ्यात लुगड्याची घडी उशाला घेऊन आडव्या झाल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. पाच वाजले तरी उठल्या नाहीत. त्यांच्या आत्याबाई, नव्वदीच्या पुढच्या, काठी टेकत त्यांना शोधत आल्या. आम्हाला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी दारातून वाकून बघितलं, जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “झोपू दे. मी घालते म्हशीला वैरण.”

पुढच्या भाषणात शेळ्यांच्या विम्याबद्दल बोलू. नमस्कार.